खोललेली जीप आणि मूळ पाठाचा प्रश्न

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळे, घाट, बारवा, फार तर जुने वाडे यांच्यासाठी राखून ठेवला आहे. मोटारगाडीचा जीर्णोद्धार असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर ऐकणारा हसेल. गॅरेजमधल्या मराठीला त्यासाठी दोन क्रियापदे पुरतात : गाडी ‘खोलणे’ आणि गाडी ‘बांधणे’. या दोन क्रियांच्या मध्ये अडकून पडलेली गाडी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एकाने ती खोलावी, त्याच्या हातून ती बांधून होऊ नये आणि दुसऱ्याने ती तशीच अर्धवट अवस्थेत विकत घ्यावी, हा व्यवहार वरकरणी हौशी मंडळींचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष का घालावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. दुसऱ्याने अर्ध्यावर टाकलेल्या संहितेचे संपादन हाती घेणाऱ्यापुढे जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे येथे लोखंडात आणि पत्र्यात उभे राहतात, एवढेच आमचे उत्तर आहे.

या व्यवहाराचे माहेर अमेरिका. तेथे १९६४ साली पाँटियाक कंपनीने ‘जीटीओ’ ही गाडी आणली. मध्यम आकाराच्या, साध्या कुटुंबवत्सल गाडीत जवळजवळ साडेसहा लिटरचे इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फोर्डची ‘मस्टँग’ आणि प्लिमथची ‘बाराकुडा’ आली. या जातीच्या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. त्यांचे आयुष्य मात्र अल्प ठरले. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ च्या ऑक्टोबरातली तेलबंदी यांनी दहा वर्षांच्या आत त्यांचा निकाल लावला. ज्या गाड्या तेव्हा मातीमोल झाल्या, त्याच पुढे पोक्त झालेल्या पिढीने हुडकून काढल्या आणि घराघरांच्या गॅरेजात खोलून ठेवल्या. खोललेल्या सगळ्याच काही बांधून झाल्या नाहीत. अशा अपुऱ्या गाड्यांचा एक स्वतंत्र बाजारच तेथे उभा राहिला. त्या बाजारातला सर्वांत मोठा शब्द आहे ‘नंबर जुळणे’, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक एकमेकांशी जुळणे. जुळला तर किंमत निराळी, न जुळला तर निराळी. गंमत अशी की पहिल्या पिढीच्या कॅमॅरोचे व मस्टँगचे सबंध सांगाडे आज नव्याने तयार करून विकले जातात. म्हणजे १९६० च्या दशकातली गाडी कालच्या पत्र्यातून बांधता येते!

ही लाट आपल्याकडे का आली नाही, याचा इतिहास मुंबईत सापडतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. फोर्डचाही कारभार मुंबईत होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ जुळणी करणाऱ्यांना आश्रय न देण्याचे धोरण घेतले आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्याआधी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी मोटार कारखान्याचा ध्यास घेतला होता. युद्धापूर्वी आणि युद्धकाळात सरकारदरबारी त्यांची डाळ शिजली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. ज्या प्लिमथचे नाव कुर्ल्याच्या गाडीवर होते, त्याच नावाने अमेरिकेत ‘बाराकुडा’ निघाली. पण तोवर कुर्ल्याची गाडी फियाटच्या मार्गाला लागली होती आणि आयातीची दारे जवळजवळ बंद होती. अमेरिकेच्या त्या दशकाचे वारे आपल्याला लागले ते चित्रपटांतून.

एक अमेरिकन गाडी मात्र येथे आली आणि मुरली. ती म्हणजे जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या युद्धासाठी बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही डिस्पोजलच्या मालात इकडे विकल्या गेल्या. १९४५ साली मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची पेढी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली पेढी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. तिने माझगावला विलीज जीपची जुळणी केली आणि १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवायला घेतले. अमेरिकेत विलीज कंपनी १९५३ साली कायझरकडे गेली आणि तिचा जीपचा धंदा १९७० साली अमेरिकन मोटर्सने घेतला. ही कंपनी त्याच सुमारास ‘एएमएक्स’ आणि ‘जॅव्हेलिन’ या मसल कार बनवीत होती. जीप आणि मसल कार काही काळ एकाच छपराखाली नांदत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे विवेचन अगदीच आडवळणाचे वाटणार नाही.

महिंद्रची जी जीप आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे, ती युद्धातली नव्हे. ती ‘सीजे-३बी’. मूळच्या जीपचे बॉनेट बसके होते. १९५३ साली विलीजने ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन घातले. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या अंगाला असल्याने ते उंच भरत होते आणि त्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. म्हणून गॅरेजच्या भाषेत युद्धातली ती ‘लो बॉनेट’ आणि आपली ती ‘हाय बॉनेट’. दुसरी खूण पुढच्या जाळीची. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात; नागरी जीपला सात. ही मोजदाद पुढे उपयोगी पडणार आहे.

आता चांद्याकडे वळू. गडचिरोली वेगळा होईपर्यंत, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत, चंद्रपूर हा अवाढव्य जिल्हा होता. उत्तरेला वरोरा, भद्रावती, माजरीचा कोळसापट्टा. दक्षिणेला आलापल्लीची सागवाने आणि पार गोदावरीकाठचे सिरोंचा. पावसाळ्यात नाले भरले की डांबरी रस्त्याचा भरवसा नाही. अशा मुलखात ‘साहेब’ आणि ‘जीप’ हे दोन शब्द जोडीनेच येत. वनखाते, बांधकाम खाते, पोलीस, खाणी, सर्वांची हीच गाडी. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी आली, त्यानंतर वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या खाणींचा पसारा वाढला. माजरी हे बल्लारशाच्या मार्गावरचे जंक्शन. येथून वणीकडची वाट फुटते. खाणीमुळे येथे तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि वऱ्हाडी-झाडीच्या सीमेवरची मराठी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येते. मिस्त्रीची भाषाही तशीच, चार भाषांची मिळून बांधलेली.

सरकारी जीपचे आयुष्य संपले की तिचे ‘निर्लेखन’ होते. किती नेमका शब्द आहे हा! नोंदवहीतून नाव खोडले की वस्तू नाहीशी. परंतु गाडी नाहीशी होत नाही. ती लिलावात जाते आणि तेथून तिचा दुसरा जन्म सुरू होतो. विदर्भात हा दुसरा जन्म बहुधा ‘काळीपिवळी’चा असे. मागे आडव्या-उभ्या बाकांची सोय करायची, टपावर सामानाची जाळी ठोकायची आणि बाजाराच्या दिवशी जितकी माणसे मावतील तितकी न्यायची. या जन्मात पेट्रोल परवडत नसे. त्यामुळे हरिकेन इंजिन उतरवून डिझेल बसवले जाई. महिंद्र कंपनी प्युजोच्या परवान्याने इगतपुरीला डिझेल इंजिने बनवू लागल्यावर जुन्या जीपमध्ये ते इंजिन बसवणे कोणत्याही बऱ्या मिस्त्रीच्या हातचा मळ झाला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार असा बदल परिवहन कार्यालयाला कळवून आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो. प्रत्येकाने तो नोंदवला असेल, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही.

आमच्या परिचयातील एका निवृत्त खाण कर्मचाऱ्यांनी माजरीत अशी एक खोललेली हाय बॉनेट जीप घेतली. ज्यांनी ती खोलली ते गृहस्थ वारले होते आणि घरच्यांना अंगणातली जागा मोकळी करून हवी होती. कागद वाचणारी माणसे म्हणून आम्हांला बरोबर नेण्यात आले. चेसिस चार विटांच्या थरांवर. बॉडीचा पत्रा बाजूला, भिंतीला टेकवलेला. डिझेल इंजिन ताडपत्रीखाली. एका कोपऱ्यात पेट्रोल इंजिनाचा नुसता ब्लॉक, हेडशिवाय. आणि तीन गोण्या. आरसी बुकात इंधन पेट्रोलच होते. पहिल्या गोणीतल्या प्रत्येक भागाला पत्र्याची चकती तारेने बांधलेली होती आणि तीवर खिळ्याने कोरलेले शब्द होते : ‘डावा मागचा पाटा’, ‘स्टेअरिंग बॉक्स खालचा’. दुसऱ्या गोणीत निम्म्या भागांना चकत्या होत्या. तिसरीत एकही नव्हती. खोलणाऱ्याचा धीर कोठे सुटला हे त्या तीन गोण्यांवरून सरळ कळत होते. मिस्त्रींनी तिसरी गोणी जमिनीवर ओतली आणि म्हणाले, ‘‘सर, खोलाले दोन दिवस पुरते. बांधाले बसलं का मंग समजते, कोण्या बोल्टाची जागा कोणती ते.’’

अपुरी गाडी घेणाऱ्याने काय पाहावे, हे त्या दुपारी आम्हांला कळले. पत्र्यावरून चुंबक फिरवायचे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजायचे. चेसिसवरचा क्रमांक पेन्सिल आणि कागदाने उठवून घ्यायचा आणि आरसीशी ताडून पाहायचा. वेल्डिंगचे टाके निरखायचे, कारण टाका कोणत्या हाताचा आहे हे जाणकाराला कळते. या जीपवर किमान तीन हात दिसत होते. रंग खरवडला तर वर हिरवा, त्याखाली पिवळा आणि काळा, सर्वांत खाली राखाडी. मागच्या पत्र्यात बाकांसाठी पाडलेली छिद्रे पुट्टीने बुजवली होती. प्रवाशांनी पाय ठेवून ठेवून घासलेली मागची कड मात्र कोणालाही बुजवता आली नव्हती.

तिसऱ्या गोणीशेजारी एक नवी कोरी जाळी उभी होती. आम्ही फटी मोजल्या. नऊ! तिच्याजवळच एक बसके बॉनेट. म्हणजे ही जीप युद्धातल्या जीपसारखी करण्याचा मूळ मालकांचा विचार होता. असे भाग आज मिळतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीप नव्याने बांधून देण्याचा धंदाच नावारूपाला आला. परंतु ज्या इंजिनासाठी मुळात बॉनेट उंचावले गेले, ते हरिकेन या बसक्या बॉनेटखाली जाणार कसे? आणि मिस्त्रींच्या मते डिझेलही जात नव्हते. काम पैशाअभावी थांबले की प्रकृतीमुळे, याची चौकशी आम्ही केली नाही. पण लोखंडाची साक्ष अशी होती की जे रूप या गाडीला कधीच नव्हते, त्या रूपाकडे तिला परत न्यायचे ठरवल्यामुळे काम थांबले.

येथे पाठचिकित्सेच्या वर्गात आपण जे शिकवतो त्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला. नाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या शुद्धीकरणापलीकडे जाऊन ज्ञानेश्वरांच्या भाषेला हात लावण्याची त्यांची ओढ आपण समजू शकतो. त्यांच्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी पुढे वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आमचे म्हणणे एवढेच की ‘जुने दिसणे’ आणि ‘मूळ असणे’ यांतले अंतर मोजल्याशिवाय संपादकाने लेखणी उचलू नये. नऊ फटींची जाळी जुनी दिसते. या जीपची मूळ जाळी सात फटींची.

दुसरे उदाहरण पुण्याचे. भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९२५ पासून वि. स. सुकथनकरांच्या हाती होती. १९४३ साली ते गेले, तेव्हा काम पुष्कळ शिल्लक होते. श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यामागून प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ साली संपवले. दुसऱ्याने अर्धे सोडलेले काम घेऊन ते पुरे करणे शक्य झाले, याचे कारण पहिल्याने आपली रीत लिहून ठेवली होती. कोणता पाठ का घेतला आणि कोणता तळटीपेत का टाकला, हे पानोपानी दिसत होते. तेथे तिसरी गोणीसुद्धा चकत्या बांधलेली होती, असे म्हणू या. शिवाय वगळलेला पाठ फेकून न देता पानाखाली ठेवण्याची ती शिस्त आम्हांला फार मोलाची वाटते.

दगडकामातही हीच रीत आहे. मोडकळीस आलेले शिखर उतरवताना दगडादगडावर क्रमांक घालतात, म्हणजे उतरवणारे हात बदलले तरी चढवणाऱ्याला जागा सापडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा येथील देवळाचे काम मध्यंतरी रखडले, त्यावरून लोकांत मोठी नाराजी होती. क्रमांक असले तरी काम रखडू शकते. नसले तर ते रखडतेच. गॅरेजात क्रमांक घालण्याची रीत नाही, कारण मिस्त्री स्वतःच खोलतो आणि स्वतःच बांधतो, त्याच्या लेखी स्मरण हीच वही. हौशी मालकाकडे ना ते स्मरण असते ना वही.

मूळ रूपाचा हा प्रश्न आता कायद्यानेही विचारला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार. मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेऱ्या, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच आणायची. दुसरीकडे साधी नोंदणी टिकवायची तर १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले होते.

हा नियम वाईट हेतूने केला आहे असे आम्ही म्हणत नाही. संस्थानिकांच्या आणि उद्योगपतींच्या गाड्या ज्या शेडमध्ये पुसून ठेवलेल्या असतात, त्यांना तो नेमका लागू पडतो. ज्या गाड्या कामाला जुंपल्या गेल्या, त्यांचे काय? चांदा जिल्ह्यातली जी जीप पन्नास वर्षे चालली, ती बहुधा इंजिन बदलले म्हणूनच चालली. मूळ इंजिनाचा आग्रह धरणाऱ्या मालकाची जीप कधीच भंगारात गेली असेल. म्हणजे टिकून राहिल्याचा जो पुरावा, तोच नियमाच्या दृष्टीने दोष ठरतो. कारखान्यातून निघाल्या दिवशीची गाडी हीच काय ती खरी, असे मानले तर तिचा इतिहास माझगावातच सुरू होऊन माझगावातच संपतो. माजरी, वणी, वरोरा, बाजाराच्या दिवशी टपावर बांधलेल्या कोंबड्यांच्या पाट्या, हे सारे प्रक्षिप्त. आम्ही या मताचे नाही. ज्ञानेश्वरीचा अभ्यास करताना नाथांचे संस्करण हा आपण अपभ्रंश मानत नाही. ती स्वतःच एक वाङ्मयीन घटना आहे. डिझेल इंजिन बसवणारा तो अनामिक मिस्त्रीही या गाडीचा एक संस्कर्ता आहे, असे म्हटले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल; वाटो.

अर्थात या भूमिकेलाही मर्यादा आहेत, हे सांगितले पाहिजे. ब्रेक, स्टेअरिंग आणि पाटे यांच्या बाबतीत इतिहास जपण्याचा हट्ट धरता येत नाही. तेथे नवा भाग घालायचा आणि जुना पिशवीत ठेवायचा. प्रक्षेप तर प्रक्षेप! आणि पुट्टीखाली गंजलेला पत्रा ‘मूळचा’ म्हणून कोणी ठेवू लागला, तर तो पहिल्याच पावसात शहाणा होईल.

नव्या मालकांनी आमचे सगळे ऐकले नाही, पण बरेच ऐकले. नऊ फटींची जाळी आणि बसके बॉनेट परत विकायचे ठरले. सात फटींची जाळी वणीकडच्या एका गॅरेजात मिळाली, उजव्या बाजूला चेपलेली. डिझेल इंजिन राहील आणि त्याची नोंद आरसीत रीतसर करून घेतली जाईल. ‘व्हीए’चा नाद नाही, कारण त्यांना गाडी शेतावर न्यायची आहे. पेट्रोलचा ब्लॉक फेकू नये, अशी आमची विनंती होती. तो आता अंगणात पाण्याच्या पिंपाखाली आहे, तळटीपेच्या जागी. शंभर पानी वहीत तिसऱ्या गोणीतल्या भागांची यादी मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही लिहून दिली. एकशे चौदा भागांपैकी सत्तावीस अद्याप ‘कशाचे ते ठाऊक नाही’ या रकान्यात आहेत.

रंगाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मूळ मालकांचा लष्करी हिरवा देता येत नाही. तो रंग नियमाने संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. काळापिवळा खासगी गाडीला कसा द्यावा, आणि सर्वांत खालचा राखाडी त्यांच्या सौभाग्यवतींना अजिबात पसंत नाही. तूर्त सगळ्या पत्र्यावर लाल ऑक्साइडचा एक हात मारून ठेवला आहे.